मुलाला साप पाळायचाय? आधी बांधावरचा ओळखू द्या

पहिला पाऊस पडून गेला की बोईसर-पालघर पट्ट्यात साप दिसू लागतात. बिळांत पाणी शिरते, बेडूक बाहेर पडतात आणि त्यांच्या मागावर साप. बोईसरला लागून असलेल्या बेटेगावसारख्या गावात हे दृश्य आता इमारतींच्या आवारातही दिसते, कारण भातखाचरे आणि नव्या वसाहती यांच्यामध्ये एखादी कुंपणाची भिंतच काय ती उरली आहे. याच इमारतींमधली मुले मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ पाहतात. त्यात त्यांच्याच वयाचा एखादा मुलगा गळ्यात पिवळाधमक साप घालून हसत असतो. मग कुत्रा, मांजर, मासे ही यादी मागे पडते आणि घरात नवाच हट्ट सुरू होतो : 'आई, आपण साप पाळूया ना!'

यावर बहुतेक घरांत 'वेडबिड लागलंय का?' म्हणून विषय तिथेच संपवला जातो. क्वचित एखाद्या घरात हौसेला मोल नाही असे म्हणत विक्रेत्याकडे चौकशी सुरू होते. धोका दोन्हींत आहे. दटावून गप्प केलेले मूल बांधावरचा साप पाहायला एकटेच जाते, आणि चौकशी करणारे पालक नकळत कायद्याच्या आणि तस्करीच्या भानगडीत सापडू शकतात. या हट्टाला नीट उत्तर द्यायचे तर कायदा, आरोग्य आणि सापाची स्वतःची गरज या तिन्ही बाजू पाहायला हव्यात.

नजर उपजत, भीती शिकवलेली

सापाकडे मुलांचे लक्ष इतके का वेधले जाते, यावर मानसशास्त्रात बरेच काम झाले आहे. व्हनेसा लोब्यू आणि ज्युडी डिलोश या अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना पडद्यावर नऊ चित्रे दाखवली. आठ फुलांमध्ये लपलेला एक साप मुलांनी पटकन शोधला. आठ सापांमध्ये लपलेले एक फूल शोधायला मात्र त्यांना जास्त वेळ लागला. बेडूक आणि सुरवंट यांच्याशी तुलना केली तेव्हाही साप आधी सापडला. त्याच संशोधकांच्या पुढच्या अभ्यासात असे दिसले की तान्ही बाळे सापाच्या चित्रफितीला घाबरत नाहीत, पण सोबत घाबरलेल्या माणसाचा आवाज ऐकवला तर ती सापाकडे अधिक वेळ पाहत राहतात.

म्हणजे साप चटकन टिपण्याची नजर मूल सोबत घेऊन येते, आणि भीती बऱ्याच अंशी आजूबाजूच्या मोठ्यांकडून शिकते. साप पाळायचा हट्ट हा त्या नजरेचाच पुढचा टप्पा आहे. तो चुकीचा नाही. त्याला वळण कोणते द्यायचे, एवढाच प्रश्न आहे.

बरणीत ठेवणे हीसुद्धा शिकार

पहिली गोष्ट कायद्याची. भारतात सापांच्या ३०० हून अधिक जाती आढळतात आणि त्यांतील बहुतेक सगळ्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. हे संरक्षण फक्त नागाला किंवा अजगराला आहे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात शेतातली बिनविषारी धामण किंवा विहिरीतली दिवडसुद्धा घरी ठेवता येत नाही. या कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या ठार मारण्यापुरती नाही; पकडणे आणि सापळ्यात अडकवणे हेही तिच्यात येते. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे किंवा त्यांना धक्का लावणे हीदेखील शिकारच. त्यामुळे मुलाने हौसेने सापाचे पिल्लू बरणीत घालून ठेवले, तर कायद्याच्या भाषेत ती शिकार ठरते.

२०२२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सर्वसाधारण उल्लंघनासाठी दंडाची कमाल मर्यादा २५ हजारांवरून एक लाख रुपयांवर गेली. विशेष संरक्षित प्राण्यांच्या बाबतीत किमान दंड दहा हजारांवरून २५ हजार रुपये झाला. त्याशिवाय तुरुंगवासाची तरतूद आहेच.

कोकण आणि ठाणे-पालघर भागात आणखी एक मोह असतो तो मांडुळाचा. हा दुतोंड्या म्हणून ओळखला जाणारा बिनविषारी साप. त्याला दोन तोंडे नसतात. शेपूट बोथट असते, एवढेच. तरीही तो गुप्तधन शोधून देतो, तो जितका वजनदार तितका भाग्याचा, अशा समजुतींपायी त्याची तस्करी चालते आणि महाराष्ट्रात पोलिस अशा टोळ्या वारंवार पकडतात. 'गरीब असतो, चावत नाही, मुलाला खेळायला चालेल' असे सांगत कोणी मांडूळ आणून देत असेल, तर तो गुन्ह्यातला माल आहे, हे ओळखावे.

बिस्किटाच्या पाकिटातून आलेला साप

मग व्हिडिओत दिसणारे साप कुठले? ते परदेशी. त्यांतले दोन सर्वाधिक लोकप्रिय. पहिला बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला आखूड, जाडसर अजगर. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो म्हणून हे नाव. दुसरा कॉर्न स्नेक, अमेरिकेतला सडपातळ, नारिंगी-तांबूस साप. दोघेही बिनविषारी आणि साधारण तीन ते पाच फूट वाढणारे. पहिल्यांदा साप पाळणाऱ्यांना जगभर याच दोघांची नावे सुचवली जातात.

या जाती भारतातल्या नसल्यामुळे त्यांना देशी सापांचे नियम लागू होत नाहीत, आणि 'परदेशी आहे, चालतो' असे विक्रेते सांगतात ते इथपर्यंतच खरे असते. बॉल पायथन हा वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीने या कराराला भारतीय कायद्यात स्वतंत्र जागा दिली. त्यानंतर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने अशा जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार ज्याच्याकडे असा प्राणी आधीपासून होता त्याला सहा महिन्यांत अर्ज करायचा होता, आणि नव्याने घेतल्यास ३० दिवसांत, केंद्राच्या 'परिवेश' या संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्ले झाली किंवा तो मेला, तरी ते कळवावे लागते. कॉर्न स्नेक या कराराच्या यादीत नाही. पण तो देशात परवान्याने आणला गेला की चोरून, हा प्रश्न तिथेही उरतोच.

तो प्रश्न किती खरा आहे, हे मुंबई विमानतळावर दिसते. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. जे दोन साप 'पहिला साप' म्हणून सुचवले जातात, नेमके तेच. १ जून २०२५ रोजी थायलंडहून आलेल्या दुसऱ्या एका प्रवाशाकडे तर ४० हून अधिक विषारी साप मिळाले. त्यांत इंडोनेशियातले पिट व्हायपर होते. भारतात तयार होणारी सर्पदंशाची लस इथल्या चार प्रमुख विषारी सापांवर बेतलेली आहे. अशा परदेशी विषारी सापाचा दंश झाला तर इथल्या रुग्णालयात त्यावर नेमके औषध मिळेलच, याची खात्री नसते.

घट्ट बांधलेल्या पिशवीत, अन्नपाण्यावाचून हजारो किलोमीटर आलेले यांतले किती साप जगतात, हा विचार मुलासमोर मोकळेपणाने मांडावा. प्राण्यावर जीव असलेल्या मुलाला ही गोष्ट मोठ्यांपेक्षा लवकर कळते.

सापाच्या बाजूने पाहिले तर

समजा, कागदपत्रे स्वच्छ आहेत, साप बंदिवासात जन्मलेला आहे आणि नोंदणीचीही तयारी आहे. तरीही निर्णयाआधी काही हिशेब मांडायला हवेत.

पहिला हिशेब आयुष्याचा. कॉर्न स्नेक नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षे जगतो, बॉल पायथन २० ते ३०. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका बॉल पायथन मादीने २०२० मध्ये अंडी घातली, तेव्हा तिचे वय किमान ६२ वर्षे असल्याचा अंदाज होता. पाचवीतल्या मुलासाठी घेतलेला साप त्याच्या लग्नातही हजर असू शकतो. शिक्षणासाठी मूल बाहेरगावी गेले की मागे त्याचे कोण करणार, हे आजच ठरवावे लागते.

दुसरा हिशेब हवामानाचा. साप शीत रक्ताचा, म्हणजे शरीराचे तापमान तो बाहेरच्या हवेवर राखतो. म्हणून त्याच्या पेटीत एक बाजू उबदार आणि दुसरी थंड ठेवावी लागते. साप गरजेप्रमाणे जागा बदलतो. बॉल पायथनला उबदार कोपऱ्यात ३१-३२ अंश सेल्सिअस लागतात आणि दुसऱ्या टोकाला २५-२७. थंड देशांत प्रश्न ऊब देण्याचा असतो. आपल्या किनारपट्टीवर मे महिन्यात थंड कोपरा कसा राखायचा, हा खरा पेच. वीज गेली तर पेटीचा काही तासांत भट्टीसारखा कोंदट डबा होतो. पावसाळ्यातली सततची ओल आणि कोंडलेली हवा यांनी त्वचेचे आणि श्वसनमार्गाचे संसर्ग होतात. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करू शकणारे पशुवैद्य मोठ्या शहरांतही मोजकेच असतात.

तिसरा हिशेब खाण्याचा. साप दूध पीत नाही. नागपंचमीला पाजले जाणारे दूध त्याला पचत नाही. भाजी, अंडी, पोळी यांवरही हे दोन साप जगत नाहीत. त्यांना उंदीर लागतात, तेही बहुधा गोठवलेले आणि देण्याआधी वितळवलेले. म्हणजे घरच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी उंदरांची पिशवी. घरातल्या सगळ्यांना हे चालणार आहे का, हे आजी-आजोबांसह विचारून घ्यावे. शिवाय बॉल पायथन कधी कधी काही आठवडे, तर कधी महिने, खाणेच सोडतो. अनुभवी माणूस शांत राहतो. मूल मात्र साप मरणार म्हणून रडून घर डोक्यावर घेते.

चौथा हिशेब अपेक्षेचा. कुत्रा दारात धावत येतो, मांजर मांडीवर बसते. सापाला कुरवाळलेले आवडत नाही. तो हाताळणे फार तर सहन करतो. खाल्ल्यानंतरचे दोन-तीन दिवस आणि कात टाकताना त्याला हातही लावू नये. दिवसाचा बराचसा वेळ तो लपून बसतो. ज्या मुलाला मित्र हवा आहे, त्याची इथे निराशा होते. ज्याला शांतपणे बघत बसायला आवडते, त्यालाच सापाची सोबत मानवते.

पाचवा हिशेब सुटकेचा. कंटाळा आला म्हणून साप शेतात सोडून देणे हा सगळ्यात वाईट मार्ग. अमेरिकेतील फ्लोरिडात पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेले बर्मी अजगर एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पसरले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिथे अजगर सर्वाधिक काळ आहेत अशा भागात रॅकून दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. परदेशी साप सोबत अनोळखी रोगजंतूही आणू शकतो.

या पाचही प्रश्नांची उत्तरे 'हो' असतील, तरच पुढे जावे. आणि तेव्हाही प्राणी कागदोपत्री आणि प्रत्यक्षात मोठ्या माणसाच्या जबाबदारीचा असावा. मुलाने मदतनीस व्हावे, मालक नव्हे. पेटीच्या झाकणाला कडी हवी, कारण कॉर्न स्नेक बोटभर फटीतूनही निसटतो. 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून आणि समाजमाध्यमांवर फोटो टाकून विकणाऱ्याकडून साप घेऊच नये.

न दिसणारा पाहुणा

बिनविषारी सापापासून आरोग्याला धोका नाही, असे वाटते. पण साप, पाली, कासव यांच्या आतड्यांत साल्मोनेला नावाचे जिवाणू मुक्कामाला असू शकतात. प्राणी स्वतः ठणठणीत दिसतो, मात्र त्याच्या विष्ठेतून हे जिवाणू कातडीवर, पेटीत आणि पाण्याच्या भांड्यात पसरतात. माणसाच्या पोटात गेले की ताप, जुलाब, पोटात कळा सुरू होतात. मोठी माणसे बहुधा काही दिवसांत बरी होतात. लहान बाळांत मात्र संसर्ग रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो.

म्हणूनच पाच वर्षांखालील मुले, ६५ वर्षांवरील व्यक्ती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण ज्या घरात आहेत, तिथे सरपटणारे प्राणी पाळू नयेत, असा सल्ला अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था देते. सापाला हात लावलाच पाहिजे असे नाही. ज्या बेसिनमध्ये पेटी धुतली त्यातच भांडी घासली, एवढे पुरते. अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान पाठीची कासवे विकण्यावर बंदी घातली ती याच कारणासाठी. लहान मुले ती छोटी कासवे सरळ तोंडात घालत. आपल्याकडे एकाच खोलीत तान्हे बाळ, शाळकरी मुलगा आणि आजी राहतात. अशा घरांना हा सल्ला जास्तच लागू पडतो. गोठवलेल्या उंदरांतूनही हेच जिवाणू घरात येऊ शकतात. साप, पेटी किंवा त्याचे खाद्य हाताळले की साबणाने हात धुणे हा इथला पहिला नियम.

बांधावरचे शेजारी

या सगळ्यानंतर बेटेगावातल्या बहुतेक घरांचे उत्तर 'साप घरात नको' असेच असेल. पण गोष्ट इथे संपत नाही. घरात साप नाही आणला, तरी दाराबाहेर तो आहेच, आणि मुलाला त्याची ओळख नसणे महागात पडू शकते.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांत चौथ्या हिश्शाहून अधिक १५ वर्षांखालील मुले होती. जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले. यांतले बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातले होते.

मुलाने निदान चार विषारी साप आणि त्यांचे बिनविषारी 'जुळे' ओळखावेत.

मण्यार काळसर निळी, चकचकीत असते. तिच्या अंगावरचे बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात. डोक्याकडे ते फिके किंवा नसलेलेच, शेपटीकडे ठळक. कवड्या हा बिनविषारी साप तिच्यासारखाच दिसतो, पण तो तपकिरी असतो, त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. कवड्या भिंतीवर सरसर चढतो, म्हणून घरात तोच जास्त दिसतो.

घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल-लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, डोके त्रिकोणी, आणि फूत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. अजगराचे पिल्लू आणि डुरक्या घोणस हे तिचे बिनविषारी तोतये. त्यांच्या पाठीवरचे डाग नकाशासारखे वेडेवाकडे असतात. घोणस अंडी घालत नाही, पिल्ले देते, एका वेळी वीस-चाळीससुद्धा, आणि तीही पावसाळ्याच्या तोंडावर. वीतभर पिल्लू जन्मतःच विषारी असते. 'बघ किती छोटंसं आहे' म्हणून हात पुढे करण्याचा धोका इथे सगळ्यात मोठा.

फुरसे जेमतेम फूट-दीड फुटाचे. ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज करते. नागाला फणा आहे, ही ओळख सोपी. पण फणा न काढलेला नाग आणि धामण यांत गफलत होते. धामणीचे डोळे मोठे आणि ओठांवर उभ्या काळ्या रेघा असतात.

दिवड ही भातखाचरातली पट्टीची पोहणारी. चिडली की कडकडून चावते, पण विष नाही. हिरवागार हरणटोळ झुडपावर लोंबत असतो. गांडुळासारखा दिसणारा वाळा कुंड्यांखाली सापडतो आणि मुंग्या-वाळवीची अंडी खातो.

ही ओळख साप पकडण्यासाठी नाही. कुठला साप दिसला हे समजण्यासाठी आणि किती लांब थांबायचे हे ठरवण्यासाठी ती आहे. शंका असेल तर साप विषारीच समजावा, दहा-बारा फूट मागे सरावे, नजर त्याच्यावर ठेवून मोठ्या माणसाला हाक मारावी. वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी याच कामासाठी आहे.

चिंचोका, चुंबक आणि वेळ

डहाणू तालुक्यातील आदिवासी समाज आणि आरोग्य कर्मचारी यांच्यात सर्पदंशाबद्दल काय समजुती आहेत, याचा अभ्यास भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हेही त्यात सहभागी होते. चिंचोका किंवा चुंबक लावला की विष उतरते, असे मानणारे लोक त्यांना भेटले. चिंचोका जखमेला चिकटतो म्हणजे विष शोषतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण दंशानंतर विष ऊतींमधून पसरून रक्तात मिसळते, आणि ते वरून ओढून घेता येत नाही. यात वाया जातो तो वेळ.

मण्यारीच्या बाबतीत तर वेळच सर्वस्व. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका बारीक असतो की अनेकांना कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, मग पापण्या जड होऊन खाली येतात. 'काहीतरी खाण्यात आले असेल' म्हणून तास निघून जातात. तिचे विष नसांची टोकेच निकामी करते. तसे झाल्यावर प्रतिविष दिले तरी ती लगेच पूर्ववत होत नाहीत आणि रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. पावसाळ्यात सकाळी उठलेल्या मुलाच्या पापण्या अर्धवट मिटलेल्या राहत असतील, तर थेट रुग्णालय गाठावे.

दंश झाल्यास मुलाला धीर द्यावा, पळू देऊ नये, चावलेला हात किंवा पाय फळी बांधून हलता राहणार नाही असा ठेवावा, अंगठी, कडे, पैंजण काढावेत आणि १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालयात न्यावे. घट्ट दोरी बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ लावणे यांतले काहीही करू नये. साप मारून सोबत नेण्याची गरज नसते. लक्षणांवरून आणि रक्त गोठण्याच्या साध्या चाचणीवरून डॉक्टर उपचार ठरवतात.

प्रतिविषाबद्दल एक गोष्ट पालकांना चकित करते. ताप-खोकल्याच्या औषधाचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो, प्रतिविषाचा नाही. साप मोठ्यांना आणि लहानांना सारखेच विष टोचतो, म्हणून मुलालाही प्रतिविष मोठ्यांइतकेच द्यावे लागते. चार सापांच्या विषाच्या अगदी छोट्या मात्रा घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपासून हे औषध बनते. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेने या कामात मोठा वाटा उचलला आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, आणि नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्यास राज्यांना सांगितले.

मग मुलाला द्यायचे काय?

साप मागणाऱ्या मुलाला एक वही द्यावी. साप कधी, कुठे दिसला, पाऊस होता का, रंग आणि नक्षी कशी होती, हे तो लिहील. खिडकीतून फोटो काढील, कात दिसली तर तिचाही. एका पावसाळ्यात बेटेगावच्या एका आवारात किती जातींची नोंद होते, हे पाहून मोठी माणसेही थक्क होतील. सुट्टीत पुण्याला कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जावे. तिथले सर्पोद्यान नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये उभे राहिले. काचेपलीकडचा नाग आणि धामण शेजारी-शेजारी पाहिल्यावर पुस्तकातले फरक पक्के होतात.

सांभाळायला काही जिवंत हवेच असेल, तर कुंडीतल्या लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावर फुलपाखराच्या अळ्या येऊ द्याव्यात. रोज पाने मोजणे, कोष कधी झाला ते लिहिणे आणि फुलपाखरू उडताना पाहणे, हे सगळे महिनाभरात होते. या अळ्यांमधली एक जात डिवचले की डोक्यामागून लाल शिंगे बाहेर काढून चिमुकल्या सापासारखा आवही आणते.

आणि घराच्या सुरक्षेचे काम मुलाकडे सोपवावे. रात्री बाहेर पडताना टॉर्च घेतला का, बूट झटकले का, खरकटे झाकले का, जिन्याखालचे भंगार हलवले का, जमिनीवर झोपणाऱ्यांची मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचली का, हे रोज तपासायला सापांची आवड असलेल्या मुलाइतका काटेकोर पहारेकरी मिळणार नाही. उंदीर कमी झाले की साप आपोआप कमी येतात, हे तो इतरांनाही समजावून सांगेल. १९२६ आणि १०८ हे दोन आकडे त्याच्याच हाताने लिहवून फ्रिजच्या दारावर लावून ठेवावेत.